किनाऱ्यावरच्या चॅरिटी शॉपवर आळ कशाला?

ब्रिटनमधल्या समुद्रकाठच्या गावात मुख्य रस्त्याने थोडं चाललं की एकामागून एक चॅरिटी शॉप लागतात. कॅन्सर रिसर्च, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, ऑक्सफॅम, बर्नार्डोज, स्यू रायडर आणि मध्येच कुठेतरी त्या भागातल्या हॉस्पिसचं, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेचं, स्वतःचं दुकान. लोकांनी दान केलेले कपडे, पुस्तकं, कपबश्या विकायच्या आणि आलेला पैसा संस्थेच्या कामाला लावायचा, असा हा व्यवहार. ऑक्सफॅमने १९४७-४८च्या सुमारास ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असं दुकान सुरू केलं. आज देशभरात अशी दहा हजारांहून अधिक दुकानं आहेत. पाऊस आला, वाऱ्याने वाळू डोळ्यांत जायला लागली, की सुटीवर आलेली माणसं यांतच शिरतात.

आणि याच दुकानांकडे बोट दाखवून वर्षानुवर्षं म्हटलं जातं की गावाचा बाजार बसला तो यांच्यामुळे. करात सवलत मिळते म्हणून ही दुकानं फोफावली, खऱ्या व्यापाऱ्याला जागा उरली नाही, तेव्हा सवलत काढा. ही मागणी चुकीची आहे. सवलत काढली तर त्या जागी बेकरी किंवा बुटांचं दुकान येणार नाही, कुलूप येईल. किनाऱ्यावरच्या गावाला या दुकानांची जी गरज आहे ती शहराच्या गरजेहून वेगळी आणि मोठी आहे. सुटीवर येऊन या दुकानांत वेळ घालवणाऱ्या माणसाचाही या प्रश्नाशी संबंध आहे, कारण तिथलं गिऱ्हाईक तोही आहे आणि सुटी संपताना नको झालेलं सामान टाकून जाणाराही तोच आहे.

आधी बाजार कसा बसला ते पाहू. रेल्वेचा तोटा कमी करण्यासाठीच्या १९६३च्या बीचिंग अहवालानंतर रेल्वेच्या शेकडो शाखा बंद झाल्या. स्कारबरो ते व्हिटबी हा किनाऱ्यालगतचा मार्ग १९६५मध्ये गेला, ब्यूडची गाडी १९६६मध्ये थांबली, इल्फ्राकोमची १९७०मध्ये. त्याच सुमारास स्पेनच्या स्वस्त सहली सुरू झाल्या. जो कामगार आठवडाभर ब्लॅकपूलला किंवा मारगेटला राहत असे तो विमानाने बेनिडॉर्मला जाऊ लागला आणि ब्रिटिश किनाऱ्याच्या वाट्याला दिवसभरासाठी येणारा पाहुणा उरला. असा पाहुणा चिप्स आणि आइस्क्रीम घेतो, पडदे किंवा कोट घेत नाही. पुढे गावाबाहेर मोठी सुपरमार्केटं आली, मग ऑनलाइन खरेदी आली. देशभर शाखा असलेल्या मोठ्या दुकानांपैकी वूलवर्थ्स जानेवारी २००९पर्यंत बंद झालं, बीएचएस २०१६मध्ये, डेबनम्स २०२१मध्ये. ज्या दुकानांमुळे आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं गावात येत ती गेली आणि लहान दुकानांचं गिऱ्हाईक त्यांच्यामागोमाग आटलं. यांपैकी कशाशीही चॅरिटी शॉपचा संबंध नाही.

चॅरिटी शॉप येतं ते नंतर, आणि त्याचं कारण घरमालकाच्या हिशेबात असतं. इंग्लंडमध्ये दुकानाची जागा रिकामी पडली तर पहिले ३ महिने व्यापारी मालमत्ता कर माफ असतो. त्यानंतर २००८पासूनच्या नियमानुसार रिकाम्या जागेवरही मालकाला पूर्ण कर भरावा लागतो. भाडं नाही आणि कर मात्र चालू, अशा कोंडीत सापडलेला मालक चॅरिटीला कमी भाड्याने, लहान मुदतीच्या कराराने जागा देतो. चांगलं भाडं देणारा कोणी आला तर चॅरिटीला ती सोडावी लागते. म्हणजे गिऱ्हाईक आटलेल्या रस्त्यावर जी जागा दुसऱ्या कोणालाच नको असते, तिथे ही दुकानं उभी राहतात.

आता सवलतीचा हिशेब, कारण सगळा वाद तिच्याभोवती आहे. दुकानातला माल पूर्णपणे किंवा मुख्यतः दानात आलेला असेल आणि विक्रीचं उत्पन्न संस्थेच्या कामासाठी वापरलं जात असेल, तर १९८८च्या कायद्याप्रमाणे करात ८० टक्के सूट मिळते. उरलेले २० टक्के माफ करायचे की नाही हे नगरपालिका ठरवते. समजा एका दुकानाचं करपात्र भाडेमूल्य, म्हणजे ज्यावर कर आकारतात ते जागेचं अंदाजी वार्षिक भाडं, २०,००० पौंड आहे. २०२५-२६ या वर्षाचा लहान दुकानांचा दर पौंडामागे ४९.९ पेन्स होता, म्हणजे कर ९,९८० पौंड. चॅरिटीला त्यातले १,९९६ भरावे लागत. त्याच वर्षी सामान्य किरकोळ दुकानदारालाही ४० टक्के सूट होती, त्यामुळे त्याचा आकडा ५,९८८ होत असे. फरक वर्षाला चार हजार पौंडांच्या आसपास, आठवड्याला साधारण ७७. एप्रिल २०२५मध्ये किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं, त्या दराने आठवड्याला साडेसदतीस तास काम करणाऱ्या एका माणसाचा पगारच ४५८ पौंडांच्या घरात जातो. शिवाय ज्या दुकानदाराची एकच जागा आहे आणि तिचं भाडेमूल्य १२,००० पौंडांपर्यंत आहे, त्याला इंग्लंडमध्ये २०१७पासून हा कर पूर्ण माफ आहे. किनाऱ्यावरच्या लहान गावांतल्या बऱ्याच दुकानांची भाडेमूल्यं याच पट्ट्यात येतात. तिथला लहान दुकानदार चॅरिटीपेक्षाही कमी भरतो, शून्य भरतो.

चॅरिटी शॉपचा खरा फायदा कराचा नाही. त्यांना माल फुकट मिळतो, त्याच्या विक्रीवर मूल्यवर्धित कर शून्य दराने लागतो, आणि देशभरातले दीड लाखाहून जास्त स्वयंसेवक तिथे बिनपगारी राबतात. हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं, कारण त्याचा फटका एका धंद्याला खरोखरच बसतो, तो म्हणजे जुन्या पुस्तकांचा. स्वतःच्या पैशांनी पुस्तकं विकत घेऊन मांडणाऱ्या विक्रेत्यासमोर फुकट आलेल्या पुस्तकांचं दुकान उघडलं, तर त्याची तक्रार रास्त आहे. पण करसवलत काढून ती मिटणार नाही. सवलत काढल्यावरही पुस्तकं फुकटच येतील. बंद पडेल ते कमी नफ्याचं दुकान, म्हणजे नेमकं लहान गावातलं.

सवलतीतली एक जागा मात्र घट्ट करायला हवी. काही चॅरिटी शॉपमध्ये नवा माल वाढत चालला आहे: शुभेच्छापत्रं, मेणबत्त्या, खेळणी, मोजे. कायद्यातल्या ‘मुख्यतः’ या शब्दाच्या आडोशाने असं दुकान हळूहळू भेटवस्तूंचं दुकान बनू शकतं, आणि शेजारी तोच माल पूर्ण कर भरून विकणाऱ्यावर तो अन्याय आहे. नगरपालिकेने वर्षातून एकदा दान-माल आणि नवा माल यांच्या विक्रीचे आकडे वेगवेगळे मागावेत. ते काढणं कठीण नाही. नव्या मालावर मूल्यवर्धित कर लागतो, त्यामुळे गल्ल्याच्या यंत्रात दोन्ही विक्री वेगळी नोंदलेलीच असते.

किनाऱ्यावरची चॅरिटी शॉप वेगळी का, याचं उत्तर तिथल्या वस्तीत आहे. दक्षिण किनाऱ्यावर ईस्टबोर्न, बेक्सहिल, वर्दिंग, पूर्वेला क्रोमर आणि शेरिंगहॅम, ही निवृत्त लोकांची गावं. क्रोमर आणि शेरिंगहॅम ज्या नॉर्थ नॉरफोक जिल्ह्यात येतात तिथे २०२१च्या जनगणनेत दर तिघांतला एक माणूस ६५ वर्षांचा किंवा त्याहून मोठा होता. ही माणसं शहरातलं मोठं घर विकून समुद्राजवळ बैठ्या घरात येतात, पुढे त्याहून लहान फ्लॅटमध्ये जातात. प्रत्येक बदलात थोडं सामान घराबाहेर पडतं. शेवटी माणूस जातो, मुलं दोनशे मैलांवर असतात, आणि घर महिन्याभरात रिकामं करायचं असतं. मग लोकरीचे कोट, बोन चायनाचे सेट, शिवणाचे डबे, नकाशे, पुस्तकांची कपाटं गाडीत भरून चॅरिटी शॉपच्या मागच्या दारी येतात. विद्यार्थ्यांच्या वस्तीतल्या दुकानात दोन वर्षांपूर्वीची स्वस्त फॅशन मिळते. इथे चाळीस-पन्नास वर्षं नीट वापरलेल्या वस्तू मिळतात.

या विक्रीतला बराच पैसा त्याच गावात मुरतो. स्कारबरोचं सेंट कॅथरिन्स, ईस्टबोर्नचं सेंट विल्फ्रिड्स, ब्लॅकपूलचं ट्रिनिटी, मारगेटसह पूर्व केंट सांभाळणारी पिलग्रिम्स ही हॉस्पिसं अखेरच्या आजारातल्या माणसांची विनामूल्य शुश्रूषा करतात. इंग्लंडमध्ये मोठ्यांसाठीच्या हॉस्पिसांना सरकारकडून सरासरी खर्चाच्या एक तृतीयांशाच्या आसपासच पैसा मिळतो. बाकीचा देणग्यांतून, मृत्युपत्रांतून आणि दुकानांतून उभा करावा लागतो. ज्या गावात म्हातारी माणसं जास्त, तिथे हॉस्पिसची गरज जास्त आणि दुकानात येणारा मालही जास्त. शिवाय नाताळ ते ईस्टर या महिन्यांत चौपाटीवरची बरीच दुकानं शटर ओढून बसतात, तेव्हा चॅरिटी शॉप उघडी असतात. एकट्या राहणाऱ्या माणसाला दिवसभरात ज्याच्याशी दोन शब्द बोलता येतात असं ठिकाण कित्येकदा तेवढंच असतं. काउंटरमागे उभा असलेला स्वयंसेवकही बहुधा त्याच वयाचा असतो. कराच्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नाही, म्हणून ती नसल्यासारखी धरू नये.

आता पाहुण्याकडे वळू. ही दुकानं साधारणपणे सकाळी ९ किंवा साडेनऊला उघडतात आणि ५ वाजता बंद होतात. रविवारी काही पूर्ण बंद, काही १० ते ४. लहान गावात स्वयंसेवक आला नाही तर दुपारीच पाटी उलटते, त्यामुळे जायचं तर सकाळी जावं. मागच्या खोलीत पिशव्या फोडून माल निवडला जातो, कपड्यांना वाफ दिली जाते, मग किमतीची चिठ्ठी लावली जाते. चिठ्ठीवर बहुतेक ठिकाणी आठवड्याचा क्रमांक असतो. दोन ते चार आठवड्यांत वस्तू गेली नाही तर किंमत उतरते, नाहीतर ती दुसऱ्या शाखेत किंवा चिंध्यांच्या गोणीत जाते. तिथेच आठवडाभर मुक्काम असेल तर दोनदा फेरी मारण्यात अर्थ आहे, कारण माल सतत बदलतो.

किनाऱ्याची खूण असलेल्या वस्तू ओळखता आल्या तर बघण्यातली मजाही वाढते आणि फसगतही टळते. व्हिटबीचा जेट हा कोट्यवधी वर्षं गाडल्या गेलेल्या झाडाच्या लाकडाचा काळा दगड. १८६१मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट गेले आणि शोकाचे दागिने म्हणून त्याची लाट आली. चॅरिटी शॉपच्या काचपेटीत काळे मणी दिसले की आधी तळहातावर तोलून पाहावेत. जेट हलका असतो आणि हाताला गार लागत नाही. गार आणि जड लागलं तर ती काळी काच. हलकं आहे, पण रंग उन्हाने तपकिरी-खाकी झालाय आणि कडेला साच्याची रेघ दिसतेय, तर ते व्हल्कनाइट नावाचं कठीण रबर. न चकाकवलेल्या चिनी मातीवर घासलं की जेटचा तपकिरी ओरखडा उठतो असं सांगतात आणि ते खरंही आहे, पण तपकिरी रेघ व्हल्कनाइटचीही उठते, शिवाय दुसऱ्याच्या दुकानात विकत न घेतलेली वस्तू घासायची नसते.

गावाचं चिन्ह छापलेली लहानशी पांढरी चिनी मातीची भांडी हा दुसरा प्रकार. रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांसाठी स्टोक-ऑन-ट्रेंटच्या गॉस कंपनीने ती लोकप्रिय केली, तळाशी ससाण्याचा शिक्का असतो. नकला करणाऱ्या इतर कंपन्यांचाही माल भरपूर आहे. किंमत फार नसते, पण त्याच गावाचं चिन्ह असलेला तुकडा त्याच गावात मिळणं यात एक औचित्य आहे. कुठलीही चिनी मातीची वस्तू घेताना कडेवरून बोट फिरवावं, डोळ्यांना न दिसणारा टवका बोटाला लागतो. मग टिचकी मारून आवाज ऐकावा. अखंड बोन चायना खणखणतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. चांदीचा चमचा म्हणून दाखवलेल्या वस्तूवर चालणारा सिंह असेल तर ती ९२.५ टक्के चांदी, त्याशेजारी जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमचा शिक्का, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनचा. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं असतील तर ती चांदी नव्हे, निकेलच्या मिश्रधातूवरचा मुलामा.

कपड्यांत लोकर हा या दुकानांचा खरा कस. मार्क्स अँड स्पेन्सरने ‘सेंट मायकेल’ हे नाव २०००मध्ये बंद केलं, त्यामुळे ते लेबल दिसलं की कपडा बहुधा निदान पाव शतक टिकलेला असतो. हॅरिस ट्वीड या स्कॉटिश लोकरी कापडावर क्रूस असलेल्या गोलाचा शिक्का पाहावा, तो नसेल तर साधं ट्वीड. कपडा खिडकीपाशी उजेडासमोर धरून कसरीची भोकं शोधावीत, काखेचे आणि कॉलरचे टाके ताणून पाहावेत, चेन दोनदा वरखाली करावी. लोकरीचं काहीही घरी नेलं की आधी पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावं, म्हणजे कसरीची अंडी मरतात आणि घरातल्या इतर कपड्यांना धोका राहत नाही. विजेची वस्तू तपासणीचं लेबल असेल तरच घ्यावी. भारतात न्यायची असेल तर व्होल्टेज जुळतं, पण ३ किलोवॉटची किटली १३ अँपिअर ओढते. ती घरातल्या लहान प्लगवर लावू नये, १६ अँपिअरचा पॉइंट लागतो.

आणि इथे भाव करू नये. आपल्याकडे घासाघीस हा बाजारातल्या संभाषणाचा भाग आहे, समोरचाही ती धरूनच किंमत सांगतो. चॅरिटी शॉपमधली किंमत तशी फुगवलेली नसते. काउंटरवरच्या स्वयंसेवकाला ती बदलायचा अधिकारही बहुधा नसतो, त्यामुळे तो बिचारा अवघडतो, आणि सुटलेला पौंड हॉस्पिसच्या खात्यातून जातो. वस्तूत दोष असेल तर तो दाखवावा, मॅनेजर स्वतःहून कमी करतो.

किमती वाढल्या, पूर्वीसारखं स्वस्त उरलं नाही, अशी कुरकुर हल्ली सगळीकडे ऐकू येते. विश्वस्तांचं कर्तव्य संस्थेसाठी रास्त तेवढी रक्कम उभी करण्याचं आहे, तेव्हा चांगल्या वस्तूला चांगली किंमत लावणं योग्यच. पण मोठ्या संस्था उत्तम वस्तू बाजूला काढून ऑनलाइन विकतात, त्यातून एक वेगळं नुकसान होतं. व्हिटबीचा जेट, स्थानिक बोटींची जुनी छायाचित्रं, गावाचे नकाशे हे सगळं दूरच्या गोदामातून अनोळखी पत्त्यावर गेलं, तर दुकानाच्या फळीवर उरतो तो सगळीकडे सारखाच मिळणारा माल, आणि मग पाहुण्याने आत का यावं? स्थानिक वस्तू काही आठवडे तरी स्थानिक दुकानात ठेवायची, नाही गेली तर ऑनलाइन न्यायची, असा नियम संस्थांनी स्वतःहून करावा. चार पैसे कमी आले तरी दुकानाचं आकर्षण टिकतं, आणि त्या आकर्षणावर बाकीच्या मालाची विक्री उभी असते.

दुसरी बाजू देण्याची. ऑगस्टच्या शेवटी भाड्याची घरं रिकामी करताना लोक उरलेलं सगळं जवळच्या चॅरिटी शॉपच्या दारात ठेवून निघून जातात: ओला तंबू, वाऱ्यासाठी लावायचे मोडलेले आडोसे, थर्मोकोलचे बॉडीबोर्ड. दुकान बंद असताना रात्री ठेवलेली पिशवी पहाटे समुद्रपक्षी फाडतात, आतला माल रस्त्यावर पसरतो, पाऊस पडला की सगळंच वाया जातं. हा कचरा उचलण्याचे पैसे चॅरिटीला मोजावे लागतात. म्हणजे दान करणाऱ्याने प्रत्यक्षात बिल पाठवलेलं असतं. थर्मोकोलचा बोर्ड तर मुळात विकत घेऊच नये. दोन लाटांत तो मोडतो, आतले पांढरे दाणे वाळूत मिसळतात आणि ते वेचून काढणं कोणालाही शक्य नसतं. मुलांची सायकल-शिरस्त्राणं आणि गाडीतल्या खुर्च्या ही दुकानं घेत नाहीत, कारण त्यांना पूर्वी धक्का बसला होता का हे बाहेरून कळत नाही. गादी लावलेल्या खुर्चीला किंवा सोफ्याला १९८८च्या नियमांप्रमाणे अग्निसुरक्षेचं शिवलेलं लेबल हवं. ते कापून टाकलं असेल तर वस्तू कितीही चांगली असो, विकता येत नाही. बाकी सामान धुऊन, वाळवून, दुकान उघडं असताना, काउंटरवर विचारून द्यावं.

देताना ‘गिफ्ट एड’चा फॉर्म पुढे येतो. वस्तू विकली जाईपर्यंत देणाऱ्याच्या मालकीची धरली जाते, दुकान त्याच्या वतीने ती विकतं, आणि ती रक्कम दान म्हणून मिळाली की त्यावर सरकारकडून २५ टक्के मिळवतं. दहा पौंडांच्या कोटावर अडीच पौंड. पण देणारा ब्रिटनमध्ये तितका आयकर किंवा भांडवली लाभावरचा कर भरत असला पाहिजे, नाहीतर फरकाची रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या पुण्या-नाशिकच्या आईवडिलांनी केवळ आग्रह झाला म्हणून सही करू नये. तिथे नोकरी करणाऱ्या मुलाने किंवा सुनेने आपली वस्तू देताना मात्र जरूर करावी.

न विकलेल्या कपड्यांचं काय होतं, हेही सांगायलाच हवं. ते किलोच्या भावाने चिंध्यांच्या व्यापाऱ्याला जातात. तिथून काही गाठोडी पूर्व युरोपात, काही घानातल्या आक्राच्या कांटामांटो बाजारात, काही पाकिस्तानात आणि काही गुजरातच्या कांडला विशेष आर्थिक क्षेत्रात. कांडल्यात निवडून बराचसा माल पुन्हा परदेशी पाठवला जातो. वापरता येऊ नये म्हणून कापून टाकलेली लोकर हरयाणात पानिपतला जाते, तिच्या धाग्यातून आपत्तीच्या वेळी वाटल्या जाणाऱ्या स्वस्त ब्लँकेटी विणल्या जातात. लोकरीचा पुनर्वापर होतो तो असा. पॉलिस्टरमिश्रित पातळ टी-शर्टाचा मात्र धड पुनर्वापर होत नाही, आणि गोण्यांत प्रमाण त्याचंच वाढतंय. आक्राच्या किनाऱ्यावर असल्या कपड्यांच्या गुंतवळी वाळूत रुतलेल्या सापडतात. एका देशाच्या चौपाटीवरचं गाव स्वच्छ ठेवण्याची किंमत दुसऱ्या देशाच्या चौपाटीने भरावी, हे कोणत्याही हिशेबाने न्याय्य नाही. फ्रान्समध्ये २००७च्या कायद्यापासून कपडे बाजारात आणणाऱ्यांकडून त्यांच्या विल्हेवाटीसाठी वर्गणी घेतली जाते. ब्रिटनमध्ये कपड्यांसाठी असा कायदा नाही आणि तो हवा. तोवर देण्यापेक्षा तिथून घेणं अधिक उपयोगाचं आहे. लटकलेला कोट कोणीतरी नेला तरच तो गोणीत जात नाही.

मराठी घरांत इथे एक अडसर येतो. जुन्या कपड्यांचं आपल्याला वावडं नाही. आजीच्या लुगड्यांची गोधडी होते, बोहारणीला पँटी देऊन पातेलं घेतलं जातं. नको असतो तो परक्याचा कपडा अंगावर, त्यातही तो गेलेल्या माणसाचा असेल ही शंका. किनाऱ्यावरच्या दुकानात ती शंका पुष्कळदा खरीही असते. तरीही ती बाजूला ठेवावी असं आग्रहाने म्हणावंसं वाटतं. जूनमध्ये बोर्नमथला किंवा ब्रायटनला आलेल्या आईवडिलांना समुद्राचा वारा झोंबतो, आणि चार दिवसांसाठी नवा, पॉलिस्टरचा कोट घेतला जातो, जो भारतात परत गेल्यावर कपाटात पडून राहतो. त्याऐवजी हॉस्पिसच्या दुकानातून लोकरीचा कोट घ्यावा, निघताना तो त्याच दुकानात परत द्यावा. संस्थेला तो दोनदा विकता येतो.

हे सगळं टिकवायचं तर निर्णय आत्ता हवेत, कारण ही दुकानं आता खरोखर बंद होऊ लागली आहेत. एप्रिल २०२५पासून नोकरी देणाऱ्याने कर्मचाऱ्याच्या पगारावर भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता १३.८वरून १५ टक्के झाला आणि तो सुरू होण्याची मर्यादा वार्षिक ९,१०० पौंडांवरून ५,०००वर आली. अर्धवेळ पगारी मॅनेजर आणि बाकी स्वयंसेवक अशा रचनेला हा बदल नेमका लागतो. अपंगांसाठी काम करणारी स्कोप आणि कॅन्सर रिसर्च या दोन्ही संस्थांनी त्याच वर्षी मोठ्या संख्येने दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं.

दुकानांची संख्या मर्यादित करा, असं म्हणणाऱ्यांच्या हातात तसं साधनही नाही. सप्टेंबर २०२०पासून इंग्लंडच्या नियोजन कायद्यात चॅरिटी शॉप, बेकरी, कॅफे, बँक हे एकाच वापर-वर्गात येतात आणि एकातून दुसऱ्यात जायला परवानगी लागत नाही. रिकाम्या दुकानांचा खरा उपाय दुसरा आहे आणि तो आता हाताशी आलाय. डिसेंबर २०२४पासून नगरपालिकांना, दोन वर्षांत वर्षभराहून अधिक काळ रिकामी राहिलेली दुकानं लिलावाने एक ते पाच वर्षांच्या भाडेकरारावर देता येतात. गावात बेकरी हवी असेल तर मालकाने अडवून ठेवलेली जागा त्या मार्गाने खुली करावी, चालू असलेलं हॉस्पिसचं दुकान बंद पाडून नव्हे. मारगेटमध्ये २०११ला टर्नर कंटेम्पररी कलादालन आलं. जलद रेल्वे त्याआधीच सुरू झाली होती. जुन्या गावभागातली दुकानं त्यानंतर पुन्हा भरली, आणि त्यांत जुन्या कपड्यांची, जुन्या फर्निचरची दुकानं मोठ्या संख्येने आहेत. पाहुणे ती पाहायलाच येतात.

नगरपालिकेच्या हातातल्या उरलेल्या २० टक्के सवलतीचा उपयोग गावाच्या कामी येणारी दुकानं टिकवण्यासाठीच करायला हवा. ज्या संस्थेचा पैसा त्याच जिल्ह्यात खर्च होतो, जी हंगामात रविवारी दुकान उघडं ठेवते आणि नव्या मालाचा हिशेब वेगळा देते, तिला ती पूर्ण मिळावी. देशभर शाखा असलेल्या आणि या अटी न पाळणाऱ्या संस्थेला ८० टक्क्यांवर थांबवावं.